उपकेंद्राची जागा

ठरावात तीन जागा होत्या, तिन्ही ‘सोयीच्या’.

बंदोबस्ताच्या वेळचा नकाशा, कापडावर डकवलेला.
घडी पडते नेमकी तिथूनच नाला जातो,
म्हणजे झिजून झिजून
कागदावर तरी त्याचं पाणी कधीच आटलं.

उपग्रहाचं चित्र मार्चमधलं.
मार्चमध्ये खैरगोंदीत नाला आणि पांदण सारखेच दिसतात.
मी स्क्रीनवर निळी रेघ ओढली, पुसली,
थोडी डावीकडे ओढली.
दोन्ही वेळा ती खरी वाटली.

मंडळ कार्यालयातली पावसाची वही:
सुरेख अक्षर, आणि जुलैचे सगळे रविवार कोरडे.
सोमवारी मात्र धो धो.
मी आधी हसलो. मग शिपायाला विचारलं.
तो रविवारी सासुरवाडीला जायचा,
सोमवारी येऊन दोन दिवसांचं पाणी एकदम मोजायचा.
वर्षाची बेरीज बरोबर होती त्याची.
पण पुराला बेरीज लागत नाही,
एक रात्र लागते.

सरपंचांनी तीन जबाब दिले, तीन वेगळ्या माणसांचे.
‘पोडाकडील जागा पुराची असून
शाळेमागील जागा ऊंचवट्यावर आहे.’
तिघांच्याही उंचवट्याचा उ दीर्घ.
मी तीन कागद एकावर एक ठेवले
आणि फायलीत ‘एक’ असं लिहिलं.

मग नाला ओलांडून पोडावर गेलो.
तुळसाबाई टेकाम ओट्यावर उभी राहिली,
हात कमरेला लावून म्हणाली,
‘इथलोक आलं होतं बाप्पा पानी, इथलोक.’
मी टेप लावली. तीन फूट.
तीन फूट म्हणजे पोडावरची जागा बादच.
वहीत लिहिलं, पेनाला टोपण लावलं,
तिनं दिलेला गुळाचा काळा चहा घेतला.

पोरगा आतून बोलला,
‘घरकुल आलं तवा ओटा उचलला ना आमी, चांगला तीन फूट.’
‘आणि बाई, तुम्ही तेव्हा केवढ्या होत्या?’
ती मोजू लागली. सालं नाही,
कोण जन्मलं होतं, कोण नव्हतं, ते.
‘लहानगी होती. धा वर्साची असंन.
बकरीचं पिल्लू डोक्यावर घेतलं होतं.’

टोपण पुन्हा काढलं.
दहा वर्षांच्या पोरीची कंबर: दोन फूट, जुन्या जमिनीपासून.
म्हणजे पाणी आजच्या ओट्याच्या एक फूट खाली.
बाई खोटं बोलली नव्हती.
तिला जागा आठवत नव्हती, अंग आठवत होतं,
आणि अंग मधल्या काळात वाढलं, वर चढलं.

परतताना झिबल आत्राम भेटला, ढोरं घेऊन.
शाळेमागे पावसाळ्यात ढोरं बसत नाहीत म्हणाला.
काहून?
‘गोमाशा असतीन. नाहीतं ओल. मले नाही मालूम.’
सबंध गावात हे वाक्य मला एकट्यानं दिलं.
त्याच्या नावापुढे मी कंसात ‘विश्वसनीय’ लिहिलं,
मग वाटलं, हेही जरा घाईनंच.
शाळेमागे खड्डा खणून घेतला.
दीड हातावर काळी, चिकट, बोटाला न सोडणारी.

आणि तरी हे सगळं पाण्याचंच चाललं होतं.
आशाताई नन्नावरेंची डायरी हाती आली
तेव्हा कुठे मूळ प्रश्न आठवला.
दोन वर्षांत सतरा बाळंतपणं, त्यातली अकरा पोडावरची.
पोड ते शाळा, संगणकावर: सहाशे चाळीस मीटर, सरळ.
ऑगस्टमध्ये, पुलावरून, पोट सांभाळत: चार किलोमीटर.
सरळ रेघेनं फक्त बगळे जातात.

अहवालात लिहिलं: जागा पोडाकडील, जोतं तीन फूट.
शेऱ्याचा रकाना बोटभर.
त्यात मावलं ते एवढंच:
‘पूररेषा ठरवताना तुळसाबाईंची कंबर
दहा वर्षांची धरावी.’

जिल्ह्याहून फाईल परत आली आहे.
त्या ओळीभोवती लाल वर्तुळ,
बाजूला एकच शब्द: संदर्भ?
उद्या पुन्हा जातो. टेप घेऊन,
आणि जमलं तर
पोडावरची एखादी दहा वर्षांची पोर
भिंतीशी उभी करून.