सातव्या दाराची मूठ

तार्तूच्या इस्पितळात, सातव्या वॉर्डाच्या दाराला
आम्ही नोव्हेंबरात मूठ बसवली.
मूठ जुनीच, वरचा लेप नवा,
केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ.
लेपात पेरलेल्या साखळ्या,
कडीकडीवर धन भार,
बोरीच्या काट्यासारखा उभा.
जंतू येतो, टेकतो,
त्याचं कातडं ऋण भाराचं,
आपसूक ओढला जातो
आणि फाटतो.
विष नाही, वास नाही.
"ही स्वतःच स्वतःला साफ ठेवते," मी माइमूला सांगितलं.

माइमू एकतीस वर्षं त्या मजल्यावर फडकं मारते.
पहिल्याच दिवशी 'स्वयंपाक मला येतो' म्हणणाऱ्या जावयाकडे
सासूनं पाहावं
तसं तिनं मुठीकडे पाहिलं,
आणि बादली उचलून पुढे गेली.

दिवसाला चारशे हात लागतात त्या मुठीला.
त्यात एक बेकरीतला म्हातारा,
आत जाण्याआधी ती नुसतीच धरून उभा राहणारा.

पहिले दहा दिवस प्लेटा कोऱ्या.
उबवणीपेटीत एक ठिपका उगवला नाही.
प्रोफेसर काल्युवे हसले, आणि ते हसत नाहीत.

सोळाव्या दिवशी एक.
विसाव्या दिवशी मोजता येईनात.

रात्रभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले.
काटे बोथट झाले नव्हते.
मेलेलेच तिथे पडून होते,
थरावर थर, फाटक्या पोत्यांसारखे,
आणि त्यांच्या पाठीवर, काट्यांपासून लांब,
जिवंत बसले होते निवांत.
मारायचं कसं, ते आम्ही ठरवलं होतं.
उचलायचं कुणी, ते राहून गेलं.

सकाळी एमायोगी नदीवर बर्फ धरला होता.
माइमू सहाव्या दाराची मूठ पुसत होती, कोमट पाण्यानं.
"आणि सातव्याची?"
"तूच म्हणालीस ना, हात लावू नकोस.
तीन आठवडे हात शिवशिवतायत माझे."
फडकं पिळून तिनं माझ्याच हातात दिलं.

आता मिश्रणात दुसरी एक साखळी घालतो,
पाणी धरणारी. ओल लागली की फुगते,
मेलेल्यांना सैल करते, जाऊ देते.
पण पाणी कुणीतरी आणावं लागतं.
अर्जात त्याला वेगळा रकाना आहे: 'बाह्य घटक'.
मी लिहिलं, माइमू सारेपू.
प्रोफेसरांनी ते खोडलं,
आणि मग पेन्सिलीनं, बारीक अक्षरात,
पुन्हा लिहिलं.