शाबूत दाढ

दात दुखणारा माणूस गाल धरून येतो,
तळव्यात घट्ट.
रुदेसिंदा बारिया आली तेव्हा तिचा हात
गालापासून चार बोटं दूर, हवेतच,
जणू खाली तापलेला तवा आहे.
ही खूण मी पाहिली. वाचली नाही.

पुंता आरेनासला वसंतात वारा सुटला
की कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात.
माणसं दोराला धरून बँकेत जातात.
तशीच ती माझ्या दवाखान्यात आली,
लोकरीचा पट्टा नाकापर्यंत,
तोही उजवीकडे जरा सुटा.

दोन दाढा आधीच्या डॉक्टरने काढलेल्या.
दुखणं तिसरीत सरकलंय, म्हणाली.
एक्स-रे स्वच्छ. बर्फाचा बोळा लावला, एरवीसारखीच.
आरशाच्या दांड्याने ठोकलं, खणखणीत.
मग भूल दिली. दुखणं थांबलं,
आणि थांबलं हाच मी पुरावा धरला.
रस्ता अडवला की चोर येत नाही,
पण म्हणून चोर त्याच गल्लीत राहतो असं नाही.
हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते.

तिनेही गळ घातली. काढा, डॉक्टर, काढाच.
काढली.
दोन्ही मुळं सरळ, अखंड, पिवळसर पांढरी,
कुठे कीड नाही, पू नाही.
चिमट्यातली दाढ माझ्याकडे बघत होती.
म्हणजे, दाढ बघत नाही.

नवव्या दिवशी परत.
दुखतंय तिथेच, जिथे आता दात नाही.

मी दिवा बंद केला, खुर्ची सरळ केली,
हातमोजे काढून समोर बसले.
ठसठस? नाही.
ठणका? नाही.
रात्री उठवतं? नाही हो, रात्री ते झोपतं,
माझ्यापेक्षा छान.
मग कसं?
एकतीस वर्षं खेकड्यांच्या नांग्या फोडलेली बाई
बराच वेळ शब्द शोधत राहिली.
कारखान्यात एकदा ओल्या हाताने बटण दाबलं होतं, म्हणाली.
तसं. नाकपुडीपासून जबड्यापर्यंत.
तीन मोजेपर्यंत. मग काहीच नाही.
मग वाट बघणं.

कशाने येतं?
वाऱ्याने. टॉवेलने. 'प' म्हणताना.
नवऱ्याचं नाव पास्कुआल,
दोन वर्षं त्याला नुसतं 'ऐक' म्हणते.
मातेच्या काढ्याची नळी ओठाला लागली की येतं,
म्हणून भांडं न पिताच पुढे देते.
लोकांना वाटतं, रुसली.

कवटीच्या तळाशी एक रक्तवाहिनी
मज्जातंतूला टेकलेली, दर ठोक्याला डिवचणारी.
हे नंतर एमआरआयने सांगितलं.
तिने आधीच सांगितलं होतं, हात हवेत धरून.

चूक माझी होती, मी म्हटलं.
ती म्हणाली, मग दाढ द्या माझी.
कागदात गुंडाळून दिली.

आता गोळी. रात्री अर्धी, मग एक, मग दोन.
मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून.
मध्येमध्ये रक्त, कारण सोडियम घसरतं.
जिन्यात तोल जातो. शब्द निसटतात,
काट्याला चाक म्हणते, आणि स्वतःच हसते.
ऑपरेशन सान्तियागोला, विमानाने साडेतीन तास.
विचार करते, म्हणते.
चौकटीच्या वहीत लिहून आणते:
'मंगळवार. वारा एकशेदहा. चार वेळा.
बुधवार. वारा तोच. एकदा.
गुरुवार. सूप. पास्कुआलला हाक मारली.'

इथे निघताना उजव्या गालाला गाल लावतात.
काल तिने नेहमीसारखा हात पुढे केला,
मग काय वाटलं कोण जाणे,
डावा गाल दिला.
मला सवय नाही त्या बाजूची.
नाकावर नाक आपटलं.
दोघी तशाच थांबलो, श्वास धरून,
एक, दोन, तीन.