च्या जवळचा

बारियोच्या धावपट्टीवर मामा उभा होता
पेट्रोलचा डबा घेऊन.
"तुझा दिवा फार पितो," म्हणाला,
"मागच्यासारखा पहाटे दोनला विझायला नको."

भातखाचरांच्या वर, रान सुरू होतं तिथे
दोन बांबूंमध्ये चादर ताणली.
दिवा आधी जांभळा, मग निळा,
मग इतका पांढरा
की ओढ्यापलीकडे रेड्याचे डोळे चमकले.
आठपर्यंत आले ते सगळे ओळखीचे.
साडेनऊला तो आला.

चहा सांडून वाळलेल्या कागदाच्या रंगाचा.
पुढच्या पंखावर एक नागमोडी रेघ,
रेघेला मध्येच गुडघा.
मिशा कंगव्यासारख्या, म्हणजे नर.
बसतो तेव्हा पंख चादरीला असे चिकटवतो
की खाली सावलीसुद्धा मावत नाही.

पुस्तकातलं एक चित्र काढलं. जुळलं.
दुसरं काढलं. तेही जुळलं.
मामा म्हणाला, "मग अडलंय कुठे?"

अडलंय पोटाशी, मामा.
पंख काय, सगळ्यांना एकाच ठाणातले.
जात ठरते शेवटच्या मिलिमीटरात:
पोट तोडायचं, पोटॅशमध्ये शिजवायचं,
आतलं सगळं विरघळलं की उरतो एक आकडा
भाताच्या तुसाहून बारीक.
कुणाचा सरळ, कुणाचा वाकडा, कुणाला दोन दात.
त्या आकड्यांपायी मी कुचिंगला
चार महिने मान मोडून बसले होते,
खण एकशे बारा,
एका नावाखाली एक्केचाळीस पतंग.
निघाले तीन प्रकारचे.
शंभर वर्षं तिघे राहत होते
एका नावात, एका भाड्यात.

आणि त्याच खणात, टाचण्यांखाली,
पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या.
एकोणऐंशी सालची: बारियो, दिव्याला आला,
मदतनीस लियान.
चौऱ्याण्णवची: मदतनीस बालांग रिबुह.
अलीकडची, माझ्याच अक्षरात: पुन मावान.
संगणकाने तिघांना तीन रांगा दिल्या होत्या.

लियान म्हणजे परक्या साहेबाचा दिवा
डोक्यावर वाहणारा अनवाणी मामा.
बालांग रिबुह म्हणजे पहिली मुलगी झाल्यावरचा.
पुन मावान, तिला मुलगी झाल्यावरचा:
म्हैस कापली, पानात बांधलेला मऊ भात,
किटल्यांवर किटल्या कॉफी,
आणि माइकवरून नवं नाव तीनदा.
दुसऱ्या दिवशी मी चुकून जुन्या नावाने हाक मारली
तर सरळ पुढे निघून गेला,
जसं दुसऱ्याच कुणाला बोलावलं.

हे सगळं त्याला सांगितलं, चादरीपाशी.
म्हटलं, या वेळी गेले की दुरुस्त करते,
तीन रांगांची एक.
तो आधी हसला.
मग एक भुंगा कॉलरमधून काढून
हळूच अंधारात सोडला.
"म्हणजे तुमच्या त्या यादीत
लियान अजून एकोणीस वर्षांचाच?"
हो.
"बायको केलेली नाही?"
नाही.
"पुरलेलीही नाही."

दिव्यावर काहीतरी आपटत राहिलं.

"राहू दे मग," म्हणाला. "नको जोडूस.
बिचाऱ्याचं अजून काहीच झालेलं नाही."

पतंग बाटलीत घेतला. झाकण लावताना
नेहमीसारखीच मान दुसरीकडे वळवली;
अकरा वर्षं झाली, ते काही जमत नाही.
चिठ्ठी लिहायला घेतली.
गाव, उंची, तारीख. दिव्याला आला.
नावाच्या जागी आम्ही खातरी नसताना लिहितो ते:
अमक्याच्या जवळचा.
अमक्या कोण, तेही आता डळमळीत,
म्हणून तेवढी जागा कोरी सोडली.

आणि मदतनीस? मी विचारलं.

मामा डबा कानाशी धरून
हलवून पाहत होता
किती उरलंय.