सहा सुया

आधी टायरवर संशय घेतला.
मग कात्रजच्या उतारावरच्या ठिगळांवर,
मग महापालिकेवर, तो तर कायमचाच,
आणि शेवटी आरशात बघून स्वतःवर:
पन्नाशीनंतर तोल जातो म्हणे माणसाचा.

वळणावर गाडी मागून हलायची.
फार नाही.
बोलता बोलता कुणी विषय बदलावा, तेवढीच.
मृदुलानं मागं बसणं सोडलं त्याला दोन वर्षं झाली.
म्हणाली, रिक्षा बरी,
ती निदान उघडपणे हलते.

खडकीला पाडळे आहे.
सॅम्युअल पाडळे, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त,
उजवा कान तिथंच ठेवून आलेला.
त्यानं गाडी मधल्या स्टँडवर चढवली,
मागचं चाक दोन्ही हातांत धरलं,
डावी-उजवीकडे ढकललं.
टक.
मला ऐकू आलं, त्याला हातात कळलं.
"चाकाचा दोष नाही," म्हणाला.
"चाक ज्याला धरून आहे, त्याचा."

स्विंगआर्मचा बोल्ट निघायला तीन दिवस लागले.
पहिल्या दिवशी डिझेल पाजलं.
दुसऱ्या दिवशी रॉकेल, पितळी दांडा, हातोडा
आणि पाडळेच्या तोंडून एक लांबलचक प्रार्थना,
जिच्यातले निम्मे शब्द चर्चमध्ये चालले नसते.
तिसऱ्या दिवशी सकाळी
पान्ह्याच्या पहिल्याच झटक्याला तो फिरला,
रात्रीतून त्याचं त्यालाच पटल्यासारखा.

आत नाचणीच्या पिठासारखा गंज.
पाडळेनं तो वर्तमानपत्रावर ओतला,
बोटानं पसरला, आणि त्यातून
बेअरिंगच्या सुया एकेक करून बाजूला काढल्या.
"एका बाजूला अठ्ठावीस."
मोजल्या. बावीस.
पुन्हा मोजल्या.
"सहा कुठं पडल्या?"
"पडत नाहीत," तो म्हणाला, "दळल्या जातात,"
आणि पेपरची घडी घातली.

मग त्यानं आर्मच्या पोटाखाली नख लावलं.
काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला,
त्याखाली आणखी एक,
त्याखाली ग्रीस भरायचं तोंड,
वाटाण्याएवढं.
"ह्याच्यावर रंग कुणी मारला?"

मी.
दोन हजार नऊ साली, गाडी विकायची म्हणून,
सोसायटीच्या गच्चीवर, दीड इंची ब्रशनं, दोन हात.
गिऱ्हाईक आलं नाही.
रंग मात्र टिकला, कंपनीनं डब्यावर लिहिलं होतं तसाच.
इतकी वर्षं ते तोंड मिटून होतं
आणि मी टायर बदलत होतो.

पाडळे काही बोलला नाही.
बहुतेक त्यानं माझं उत्तर
उजव्या कानानं ऐकलं असावं.

नाना पेठेत चौथ्या दुकानात मिळालं, मेणकागदात.
"रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव," पाडळेनं सांगितलं होतं,
"जरा आकसू दे."
ठेवलं, सासवडच्या मटारशेजारी.
डब्यावर चिठ्ठी लावली: खायचं नाही.
सकाळी खाली मृदुलाचं अक्षर: दिसतंय.

थर्मासमध्ये बर्फ घालून ते खडकीला नेलं.
पाडळेनं आर्म शेगडीवर धरला,
पाण्याचा थेंब नाचेपर्यंत तापवला,
कापडात धरून बेअरिंग भोकावर टेकवलं
आणि ते आत गेलं.
नुसतं गेलं.
मारायला उचललेला हातोडा
बराच वेळ त्याच्या हातात तसाच होता,
पाहुणा यायच्या आधी उघडलेल्या दारासारखा अवघडून.

आता वळणावर काही होत नाही.
ह्याचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही.
वळण दिसलं की खांदा आपोआप आवळतो,
गुडघा टाकीला चिकटतो,
जे येणार नाही ते मी आधीच सावरून घेतो.

परवा मृदुला बसली मागं, बोपदेव घाटापर्यंत.
तिसऱ्या वळणाला माझ्या पाठीवर टकटक केली.
मी कचकन ब्रेक लावला, खाली वाकून चाक बघितलं.
"गाडी ठीक आहे," ती म्हणाली.
"तू हलतोयस."