बांध पोट काढतो

बांबोळीच्या ओपीडीत, हिरव्या पडद्याआड
डॉक्टर इस्मेनिया म्हणाली, खोका.
खोकले.
आता कुंथा, संडासला बसल्यासारखं.
बावन्न वर्षांत इतकं स्पष्ट
मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग केसपेपरच्या पाठीवर तिनं दोन रेघा ओढल्या.
ही पुढची वाट, मुलं आली ती.
ही मागची, मळाची.
मधली भिंत विरलीय, मागचं पुढे फुगून येतं.
दर्जा दुसरा. तोंडाशी आलंय, बाहेर नाही.

मी नेवऱ्याची. सासरा खाजनाच्या बांधावर राखणीला.
या अंगाला भात, त्या अंगाला खारं पाणी,
मध्ये चिखल आणि पेंढा.
तो सांगायचा, बांध एका रात्रीत फुटत नाही, सूनबाई,
आधी पोट काढतो.
हाताला कळतं. डोळ्याला मागाहून.

माझ्या हाताला कळून अकरा वर्षं झाली.
आतून अंगठ्यानं दाबल्याशिवाय होत नाही
हे नवऱ्याला नाही, जावेला नाही,
सांतेरीपुढे कौल लावतानाही नाही सांगितलं.

"बोट लावावं लागतं?"
चहात साखर किती, तसं विचारलं तिनं.
हो म्हणाले.
वाटलं होतं रडू येईल.
भूक लागली. कालपासून काही खाल्लं नव्हतं,
वाटेत जावं लागलं तर, या भीतीनं.

कॅन्सर? नाही.
मरेन? नाही, बाई.
आणि मिठाच्या पाट्या?
तिथं तिचं पेन थांबलं.
मग हा दर्जा कसला?
"किती खाली आलं ते मी मोजते.
किती जड जातं ते तुम्ही सांगायचं.
पट्टीवर ते येत नाही."

आधी व्यायाम. आवळा, दहा मोजा, सोडा.
मग रिंग. नाहीच जमलं तर टाके.
पाण्याबरोबर इसबगोल, आणि पाट्या दुसऱ्या कुणी उचलाव्या.
(कुणी, ते तिनं लिहून दिलं नाही.)

कदंबात खिडकीशी बसून आवळत होते, मोजत होते.
भरती चढली की मानशीचं दार
पाण्याच्याच रेट्यानं मिटतं.
माझं मलाच मिटायचं.
"कितें मेजता गो?" शेजारची आंतोनेता.
मिठाचे पैसे, म्हटलं.
पिलारच्या वळणावर सातापर्यंत पोचले होते,
पुढचा आकडा हरवला.