वादी

माझ्या पहिल्या लेखात मी लिहिलं होतं 'वादी' :
पावसाला वर्षातून दोनदा आठवते अशी कोरडी नदी,
रास अल खैमाच्या पाठीशी, हजरच्या डोंगरात.
पुण्याच्या वैशंपायनांनी मुद्रितं तपासताना
मायेनं तिचं केलं 'वाडी'.
अंक हाती आला तेव्हा माझ्या त्या दगडगोट्यांत
सतरा ठिकाणी वस्ती झालेली.

वाईहून एका बाईंचं पत्र आलं :
त्या वाडीत कोण राहतं? बायका पाणी कुठून आणतात?

हसले. पत्र पाठपिशवीच्या कप्प्यात राहिलं.
सहा दिवस हॉस्पिटलात काचेखाली तांबड्या पेशी मोजायच्या,
शुक्रवारी पहाटे साडेतीनला ओबेदच्या पिकअपमध्ये
शेळ्यांच्या चाऱ्याला टेकून बसायचं.
घसारा, मग कातळ, मग परत घसारा.
कारवी नाही, करवंदाची जाळी नाही,
घसरलं तर धरायला एक झुडूप नाही.
सह्याद्रीत शिकलेले माझे पाय इथे अंगठेबहाद्दर.
ओबेद पुढे, रबरी सपातांत,
हातात लांब दांड्याची चिमुकली कुऱ्हाड.
वाट विचारली की हनुवटीनं दाखवायचा.
वळणावळणावर दगडावर दगड रचलेले.
म्हटलं, आमच्याकडे ही लगोरी, चेंडू मारून फोडतात.
तो थबकला.
इथे फोडू नकोस. मागून कोणी येत असतं.

तिसऱ्या हिवाळ्यात, पार वरच्या टप्प्यावर,
उतारात कमरेपर्यंत रुतलेलं एक घर.
दार एवढंसं, रांगत जावं लागलं.
आत रांजण, माझ्या छातीला लागेल असा.
दारातून तो आत येणं शक्य नव्हतं.
मी वितीनं दोनदा मोजलं, वहीत आकृती काढली.
बाहेरून ओबेद म्हणाला,
आधी रांजण ठेवतात. भिंती मग, त्याच्याभोवती.
त्याची आई इथलीच. धान्य त्यात भरून, दार लावून,
उन्हाळ्यात खजुरांकडे उतरायची.
आणि पाणी?
हनुवटी खाली वळली. दीड तास.
मग वर. डोक्यावर.

त्या रात्री वाईला उत्तर लिहिलं :
बाई, वाडी आहे. एका घराची.
चूक छापणाऱ्यांची नव्हती.

आता नखीलच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरून
धूळ बसली की डोंगर दिसतात.
डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडावर धरला :
दोन हाडांमधली खिंड बुजली म्हणाले.
(खिंड हा शब्द माझा. ते दुसरंच काही म्हणाले.)
बत्तीस वह्या आहेत. घामानं पानं चिकटलेली,
एकीचा कोपरा शेळीनं खाल्लेला,
काही ठिकाणी नुसते आकडे : उंची, तास, उरलेलं पाणी.

लेक बॅगा उघडून बसलाय.
आई, तीसच किलो नेता येतं. या कशाला?

आधी त्या ठेव, म्हटलं.
बाकीचं त्यांच्याभोवती बसव.
आणि खाली पठाणाकडून
माझ्या चपलेची वादी तेवढी शिवून आण.