चपलेचा तुकडा

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
दुपारी दोनला लोखंडाला हात लावायचा
तर आधी चिंधी.

टेकेंद्र आवाज तोंडानं काढून दाखवतो :
"त्रिंग... नाही, त्रिण्ण्. सिग्नलला थांबलो की."
वारा लागला की जातो म्हणे.

लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला.
टॅपेट शिवणयंत्रासारखे, वेळेवर.
टायमिंग चेन कुरकुरते, पण ती तिची सवयच.
पिस्टन गार असताना खडखडतो, तापला की गप्प,
आमच्या अब्बांच्या गुडघ्यांसारखा.
हे नव्हे.

इंजिन खोलायचं तर तीन दिवस.
तीन दिवसांच्या ऑर्डरी
तो पाठीमागे हात नेऊन बोटांवर मोजतो,
मला दिसू नये म्हणून.

चिंधीतून एकेक पाती चिमटीत धरत जातो.
चौथी धरली
आणि आवाज मेला.
दोन पात्यांमधलं रबर कधीच गळून पडलंय.
एवढंच.

माझ्याच चपलेची टाच कापली,
ठोकली मधे.
"किती?"
"चपलेचे दे."
हसला, पाच दिरहम ठेवून गेला.

मी एका पायानं बुटका
उन्हात उभा, कान देऊन.
वळणापर्यंत नुसतं इंजिन.